पांढऱ्या पावाची पलटण

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जर्मनीने एक पायदळ डिव्हिजन उभी केली. तिचा अधिकृत क्रमांक सत्तर. पण लोकांच्या तोंडी तिचे नाव होते 'पांढऱ्या पावाची डिव्हिजन'. कोणी तिला 'पोटाची डिव्हिजन' असेही म्हणत. नाव थट्टेचे होते, तरी अक्षरशः खरे होते. या डिव्हिजनमध्ये पोटाचे विकार जडलेले लोक वेचून भरले होते. कोणाला जठरात व्रण, कोणाला जुनाट दाह, कोणाला खाल्लेले ठरत नसे. जर्मन शिपायाचा रोजचा काळा, जाडाभरडा पाव त्यांना पचत नव्हता, म्हणून सरकारने त्यांना पांढरा पाव व पथ्याचे जेवण देण्याची सोय केली, आणि मग हातात बंदूक देऊन एका बेटाच्या राखणीला बसवले.

लढाईची हकिकत सांगावी हा आमचा हेतू नाही. या पांढऱ्या पावात एक प्रश्न दडला आहे आणि तो आम्हांला फार दिवस छळतो आहे. एखाद्याच्या दुखण्याची आपण काळजी घेतो ती त्याच्यासाठी, की त्याच्याकडून काम घ्यायचे आहे म्हणून? आणि दोन्ही प्रसंगी पाव एकच असेल, तर फरक नेमका कोठे पडतो?

प्रथम ही डिव्हिजन का निघाली ते पाहू. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्याची दोन्हीकडून चाळण झाली. पूर्वेला २२ जूनपासून रशियन फौजांनी बेलोरशियात जर्मनांचा मधला सगळा सैन्यसमूह मोडून काढला. पश्चिमेला नॉर्मंडीत तीच गत झाली. गेलेली माणसे भरून काढायची कोठून? सतरा-अठरा वर्षांची पोरे उचलली, चाळिशी ओलांडलेले बाप उचलले, विमानदलाचे जमिनीवरचे लोक आणि नाविक दलाचे बोटी नसलेले खलाशी पायदळात घातले. शेवटी पाळी आली दुखणाईतांची. पोटाच्या रोग्यांच्या वेगळ्या बटालियनी काही काळापासून होत्याच. कमी ऐकू येणाऱ्यांच्याही होत्या. त्यांना 'कानांच्या बटालियनी' म्हणत. पोटवाल्यांना एकत्र ठेवण्यात सोय एवढीच की पथ्याचा स्वयंपाक एका ठिकाणी करता येई. आता १६५ व्या राखीव डिव्हिजनचे रूपांतर करून त्यांची पुरी सत्तरावी डिव्हिजन बांधली. तिचा सेनापती लेफ्टनंट जनरल विल्हेल्म डाझर हा साठीचा, जुन्या पिढीतला माणूस. जागा दिली ती नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतातील वाल्खेरन बेटावर. बेट सुपीक, दूध, अंडी, ताजी भाजी यांची तेथे ददात नव्हती. अशा माणसांना ठेवायला ती जागा सोयीचीच होती.

बेळगावकडच्या वाचकांना मराठा लाइट इन्फन्ट्रीची भरती ठाऊक आहे. उंची, छाती, दात, डोळे पाहून डॉक्टर एक निवाडा देतो: घ्या, किंवा घरी पाठवा. नापास झालेला पोरगा हिरमुसून परततो. पण त्या नकारातही त्याच्या देहाचा एक मान राखलेला असतो, की हे ओझे या देहाला पेलणारे नाही. युद्धाच्या आरंभी जर्मन डॉक्टरही बहुधा असाच निवाडा देत असे. १९४४ पर्यंत त्याच्यापुढचा प्रश्नच बदलला. 'हा माणूस बरा आहे काय?' असे विचारणे संपले. 'असा आहे तसाच हा कोठे बसवता येईल?' एवढेच उरले.

पोटाच्या दुखण्याची आणखी एक अडचण असते. तुटलेला हात दिसतो. पोट दुखते हे मात्र दुखणाराच सांगतो, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. सैन्यात तर संशय पहिला. खरा रोगी कोण आणि रशियाच्या आघाडीला भिऊन पोट धरून बसलेला कोण, हे कसे ठरवायचे? वेगळी बटालियन काढल्यावर हा प्रश्नच मिटला. खरे असो वा खोटे, दुखणे आता सुटकेचे कारण राहिले नाही. ते फक्त बदलीचे कारण झाले.

आणि त्या पथ्याने रोग बरा होत होता काय? आज आपल्याला ठाऊक आहे की जठरातील पुष्कळसे व्रण एका जिवाणूमुळे होतात. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन या डॉक्टरांनी १९८० नंतरच्या दशकात ते दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दूध व मऊ पाव यांनी तो जिवाणू हटत नाही. दुधाने घटकाभर थंडावा वाटतो, मागून आम्ल वाढते. १९४४ च्या डॉक्टरांना हे कळणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना त्याबद्दल दोष देणे नाही. परंतु पांढऱ्या पावाने माणूस बरा होत नव्हता, तो पहाऱ्यावर उभा राहण्याजोगा राहत होता, एवढे लक्षात ठेवू.

आता, याला क्रौर्य म्हणावे काय? आम्ही उतावीळपणे 'होय' म्हणणार नाही. उपाशी शिपाई, थंडीत कुडकुडणारा शिपाई, जखमेत अळ्या पडलेला शिपाई युद्धात जागोजागी होता. त्या मानाने ज्याच्या पोटाकडे पाहून कोणी वेगळा पाव भाजला तो भाग्यवानच. ज्या स्वयंपाक्याने तो भाजला त्याच्या मनात कदाचित निखळ कळवळा असेल. आणि भुकेल्याला देणाऱ्याचा हेतू काही चावायचा नसतो. त्याला पाव पाहिजे असतो. पुष्कळ सज्जन लोक येथेच थांबतात. ते म्हणतात, हेतू देवाला ठाऊक, आपण परिणाम पाहावा. गिरणीमालकाने मजुरांसाठी दवाखाना काढला, त्यात त्याचा फायदा असेना का, ताप तर उतरला!

हे म्हणणे हलके नाही. जर्मनीतलाच एक तत्त्ववेत्ता, केनिग्जबर्गचा इमॅन्युएल कांट, याने १७८५ साली जो नियम मांडला त्यातही या म्हणण्याला जागा आहे. माणसाला केवळ साधन समजू नये, तो स्वतःच एक साध्य आहे हेही त्याच वेळी ध्यानात धरावे, असा त्याचा आशय. यातला 'केवळ' हा शब्द लोक नेहमी विसरतात. आपण सर्वच एकमेकांचा उपयोग करून घेतो. विद्यार्थी शिक्षकाचा करतो, आजारी डॉक्टरचा करतो, आणि त्यात पाप नाही. मग पांढरा पाव हा त्या शिपायाला 'केवळ' साधन न मानल्याचा पुरावा धरायचा, की साधनाला दिलेले तेल? गाडीवानही बैलाला पेंड घालतो. पेंडीकडे पाहून गाडीवानाच्या मनातले उमगत नाही. ते उमगते बैल थकल्यावर तो काय करतो त्यावरून.

म्हणून आम्ही सत्तराव्या डिव्हिजनचा भटारखाना घटकाभर सोडून त्याच सरकारच्या दुसऱ्या एका भटारखान्यात जातो. ३० नोव्हेंबर १९४२ रोजी बव्हेरियाच्या गृहखात्याने आपल्या मनोरुग्णालयांना एक हुकूम पाठवला. जे रोगी उपयुक्त काम करतात किंवा ज्यांच्यावर बरे होण्याजोगे उपचार चालू आहेत त्यांना चांगले जेवण द्यावे. आणि ते द्यायचे बाकीच्यांच्या वाट्यातून काढून. बाकीच्यांसाठी काउफबॉयरेनच्या रुग्णालयाचा संचालक डॉ. फाल्टलहाउझर याने एक आहारच ठरवला होता: पाण्यात उकडलेली भाजी, चरबीचा थेंब नाही. दोन-तीन महिन्यांत माणूस आपोआप मरावा असा तो हिशेब होता, आणि माणसे तशी मेली.

या हुकुमापूर्वीचा इतिहास अधिक काळा आहे. असाध्य रोग्यांना 'दयेचा मृत्यू' देण्याचा अधिकार काही डॉक्टरांना देणाऱ्या चिठ्ठीवर हिटलरने १ सप्टेंबर १९३९ ही तारीख घातली. सही मागाहून केली, पण तारीख मुद्दाम लढाई सुरू झाली त्या दिवसाची. रुग्णालयांकडे छापील तक्ते गेले. त्यात रोगाचे नाव लिहायचे होते. आणि रोगी काय काम करतो, हेही लिहायचे होते. ते तक्ते पाहून, रोग्याचे तोंडही न पाहता, दूर बसलेले डॉक्टर खूण करीत. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात सुमारे सत्तर हजार माणसे विषारी वायूने मारली गेली. पहिले ठिकाण होते व्युर्टेंबर्गमधील ग्राफेनेक. ते प्रॉटेस्टंट सेवासंस्थेचे अपंगांसाठीचे घर होते. सरकारने ते आधी रिकामे करून घेतले.

ह्या माणसांसाठी जर्मन भाषेत एक शब्द चालू झाला होता. त्याचा अर्थ 'निरुपयोगी खाणारे'. तो वाचताच आम्ही दचकलो, कारण मराठीत हाच अर्थ किती सहज वापरतात! 'खायला काळ आणि भुईला भार.' रिकामटेकड्या पोराला बाप म्हणतो, कधी सून मनातल्या मनात म्हाताऱ्या सासऱ्याला म्हणते, कधी म्हातारा स्वतःच स्वतःला म्हणतो आणि ताटावरून अर्धपोटी उठतो. म्हण रागाची आहे, तिच्याने कोणी मरत नाही हे खरे. पण तिच्यातला हिशेब पाहा: एका पारड्यात खाणे, दुसऱ्यात उपयोग. बव्हेरियाच्या गृहखात्याने वेगळा तराजू आणला नव्हता. त्याने तो सरकारी केला, एवढेच.

आणि आता पुन्हा पांढऱ्या पावाकडे पाहू. पोटाचा रोगी बंदूक धरू शकतो, म्हणून त्याला पाव, दूध, अंडे. मनाचा रोगी टोपली विणू शकत नाही, म्हणून त्याला पाण्यातली भाजी. वरवर पाहता एकीकडे माया आहे, दुसरीकडे खून. पण दोन्ही ठिकाणी दारात विचारलेला प्रश्न एकच आहे: 'तू कोणत्या कामाचा?' पहिल्याला जे मिळाले ते त्याच्या दुखण्यासाठी मिळाले नाही. दुखणे असूनही उरलेल्या उपयोगासाठी मिळाले. त्याचा उपयोग संपला असता तर त्याचे नाव कोणत्या तक्त्यात जाते, हे सांगायला नको. म्युन्स्टरचे रोमन कॅथॉलिक बिशप फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ च्या प्रवचनात नेमके येथेच बोट ठेवले होते. निरुपयोगी माणसाला मारणे एकदा रास्त ठरले, तर रणात हातपाय गमावून परतणाऱ्या शिपायांचे उद्या काय, असे त्यांनी उघड व्यासपीठावरून विचारले. त्याआधी वर्षभर, जुलै १९४० मध्ये, व्युर्टेंबर्गचे प्रॉटेस्टंट बिशप थिओफिल वुर्म यांनी गृहमंत्री फ्रिक याला पत्र लिहून निषेध केला होता. त्याच महिन्यात लोबेटालच्या आश्रमाचे पाळक पाउल ब्राउने यांनी तपशीलवार टिपण तयार करून सरकारात धाडले आणि ऑगस्टात ते तुरुंगात गेले. मात्र खोटा अभिमान नको. असे थोडे होते. मंडळ्यांच्या कितीतरी संस्थांनी ते तक्ते मुकाट्याने भरून दिले. कोणी भीतीने, कोणी कायदा म्हणून, आणि कोणी, सांगताना लाज वाटते, पटले म्हणून.

येथे एखादा शास्त्राभ्यासी वाचक आम्हांला थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राची आठवण देईल. काम नाही तर खाणेही नाही, असे पौलच सांगत नाही काय? तो वचनभाग पुन्हा उघडून पाहावा. पौल बोलतो तो इच्छा नसलेल्यांविषयी. शक्ती नसलेल्यांविषयी नव्हे. या एका शब्दाच्या फरकावर किती जणांचे ताट अवलंबून आहे! आळशाला टोचावे, जरूर टोचावे. पण जो आळशी व अशक्त यांतला भेद करण्याचा त्रास घेत नाही, तो पौलाचे नाव घेऊन गृहखात्याचाच हुकूम वाचत असतो.

आता वाल्खेरनची पुढची हकिकत सांगितली पाहिजे, कारण हा तराजू एकाच बाजूच्या हातात होता असे नाही.

४ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटिश रणगाडे बेल्जियममधील अँटवर्पला पोहोचले. बंदर जवळजवळ जसेच्या तसे हाती लागले. परंतु ते समुद्रावर नाही. शेल्ड नदीच्या मुखातून सुमारे ऐंशी किलोमीटर आत आहे, आणि त्या मुखाचे दोन्ही काठ जर्मनांकडे होते. दक्षिण काठावर ६४ वी डिव्हिजन, तीही त्याच उन्हाळ्यात घाईने बांधलेली, पण रशियाची आघाडी पाहिलेल्या मुरलेल्या लोकांची. उत्तरेला वाल्खेरनवर आपली पांढऱ्या पावाची सत्तरावी. जोवर वाल्खेरनच्या तोफा गप्प होत नाहीत तोवर अँटवर्पला एक गलबत येणे नव्हते. ब्रिटिश नौसेनेचे ॲडमिरल रॅम्से यांनी ही सूचना सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच दिली होती. सेनापती मॉन्टगोमेरी यांनी तिकडे वेळेवर लक्ष दिले नाही. आपली ती मोठी चूक झाली हे त्यांनी पुढे १९५८ च्या आठवणींत कबूल केले. त्या महिन्याभरात जर्मनांची पंधरावी फौज नदी ओलांडून निसटली आणि बेट पक्के झाले. आमच्या मते पुढच्या अनर्थाचे बीज या दिरंगाईत आहे. वेळेवर न केलेल्या कामाची भरपाई बहुधा तिसराच कोणीतरी करतो.

येथे तो तिसरा म्हणजे बेटावरचा डच शेतकरी. वाल्खेरन बेट बशीसारखे आहे. कडा उंच, मध्य भरतीच्या पातळीखाली. गोव्यातील वाचकांनी आपले खाजण डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे वर्णनाची गरज पडणार नाही. बांध आहे तोवर भात. बांध फुटला की खारे पाणी, आणि मग पुढची कित्येक वर्षे जमीन हातची गेली. कॅनेडियन सेनापती गाय सिमंड्स यांनी ठरवले की बांध विमानांनी फोडून बेट बुडवावे, म्हणजे जर्मनांना हालचाल करता येणार नाही. (सिमंड्स हे त्या वेळी बदली सेनापती होते. मूळ सेनापती क्रेरार हे आमांशाने आजारी पडून उपचारासाठी इंग्लंडला गेले होते. सेनापतीचे पोट बिघडले तर इस्पितळ, शिपायाचे बिघडले तर डिव्हिजन. हा भेद दोन्ही सैन्यांत सारखा असावा.)

२ ऑक्टोबरला बेटावर पत्रके टाकून इशारा दिला, रेडिओवरूनही दिला. पण बेट जर्मनांच्या ताब्यात. घरदार, गुरे सोडून लोकांनी जायचे कोठे? ३ ऑक्टोबरला दोनशेहून अधिक विमानांनी वेस्टकपेल गावचा बांध फोडला. गावातले दीडशेहून अधिक रहिवासी मेले. एका पवनचक्कीच्या खालच्या आसऱ्याला दडलेले चाळीसहून अधिक लोक ढिगाऱ्याखाली अडकले आणि चढत्या पाण्याने बुडाले. पुढच्या आठवड्यात आणखी तीन ठिकाणी बांध फोडले. दिवसातून दोनदा भरती घरांतून फिरू लागली. बेटाच्या मध्यावरचे मिडेलबर्ग शहर थोडे उंचावर. तेथे सारे बेट लोटले. खाऱ्या पाण्याने झाडे जागच्या जागी वाळली. ही भगदाडे बुजायला १९४५ चा ऑक्टोबर उजाडला, आणि शेवटचे तर १९४६ च्या आरंभी बुजले.

हे बरोबर होते काय? बांध फोडणाऱ्यांच्या बाजूने खूप सांगता येईल. अँटवर्प उघडले नसते तर फौजांना दाणागोटा मिळाला नसता, युद्ध लांबले असते, आणि लांबलेल्या प्रत्येक दिवशी छळछावण्यांत माणसे मरत होती. आम्ही त्यांना खुनी म्हणणार नाही. वेस्टकपेलच्या लोकांना कोणी 'भुईला भार' मानले नव्हते. त्यांचे मरण हे उद्दिष्ट नव्हते, आणि त्यांना आधी सांगितले तरी होते. हा फरक मोठा आहे. पण तो दाखवून आम्हांला समाधान मिळत नाही. पवनचक्कीखालच्या माणसांना विचारून कोणी त्यांचे प्राण पारड्यात घातले नव्हते. न्याय्य युद्धातही माणसाची गणना होते, हे मान्य करावे लागेल. आणि जो हे मान्य करताना अस्वस्थ होत नाही, त्याच्याशी आमचे जमणार नाही.

१ नोव्हेंबरला हल्ला आला. व्लिसिंगेनला ब्रिटिश कमांडो व स्कॉटिश पलटणी, वेस्टकपेलच्या भगदाडातून नौसैनिक कमांडो, आणि पूर्वेकडून, बेटाला जोडणाऱ्या किलोमीटरभर लांबीच्या उघड्या भरावावरून, कॅनेडियन. हे पोटवाले शिपाई दोन दिवसांत पांढरे निशाण दाखवतील अशी ज्यांची कल्पना होती त्यांची निराशा झाली. भरावावर कॅनेडियनांचे फार हाल झाले. जठरात व्रण असलेल्या माणसालाही काँक्रीटच्या भिंतीआडून घोडा ओढता येतो. ज्या अधिकाऱ्यांनी ही डिव्हिजन कल्पिली होती त्यांचा हिशेब त्या अर्थाने चुकला नाही.

म्हणून त्यांच्याविषयी कळवळा दाखवताना तोल सांभाळला पाहिजे. ती बंदूक कोणाच्या राज्यासाठी रोखलेली होती? मिडेलबर्गमध्ये ज्यू लोकांची जुनी, छोटी वस्ती होती. मार्च १९४२ मध्ये त्यांना तेथून काढून ॲमस्टरडॅमला नेले आणि तेथून पुढे मृत्यूच्या छावण्यांकडे. सत्तरावी डिव्हिजन तेव्हा जन्मली नव्हती. पण ज्या सत्तेने ते केले तिचाच पाव ती खात होती. दुर्बळाला दोष नसतो असे नाही. दुर्बळ हा पूर्ण माणूस आहे, म्हणून त्याला दोषही पूर्ण माणसाचाच लागतो. त्याला केवळ बिचारा ठरवणे हीसुद्धा त्याला कमी लेखण्याचीच एक तऱ्हा झाली.

६ नोव्हेंबरला स्कॉटिश शिपायांची एक छोटी तुकडी पाण्यातून चालणाऱ्या चिलखती गाड्यांतून मिडेलबर्गच्या चौकात शिरली. जनरल डाझर शरण यायला तयार होता, पण एक अडचण निघाली: समोरचा अधिकारी नुसता मेजर. इतक्या खालच्या हुद्द्याच्या माणसाला शरण जाणे त्याच्या मानाला शोभेना. तेव्हा त्या मेजरने आपल्या एका हाताखालच्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरचा तारा उसना घेतला, स्वतःच्या खांद्यावर लावला आणि घटकाभर लेफ्टनंट कर्नल झाला. जनरलचे समाधान झाले. सुमारे दोन हजार जर्मन सैनिकांनी हत्यारे ठेवली. ही गोष्ट हसून सांगतात, आणि ती हसण्याजोगी आहेच. आम्हांला मात्र तिच्यात एक वेगळीच बोच जाणवते. पोटाच्या रोग्यांची गणना रोगावरून करणाऱ्या व्यवस्थेच्या शिखरावरचा माणूसही आपली किंमत समोरच्याच्या खांद्यावरचे तारे मोजून ठरवीत होता. दुसऱ्याला मोजायची सवय लागली की स्वतःलाही त्याच मापाने पाहावे लागते.

८ नोव्हेंबरला बेटावरची लढाई संपली. शेल्डच्या मुखासाठी १ ऑक्टोबरपासून मित्रसैन्याने १२,८७३ माणसे मृत, जखमी किंवा बेपत्ता म्हणून गमावली. त्यांत ६,३६७ कॅनेडियन. २८ नोव्हेंबरला मालाचा पहिला काफिला अँटवर्पला लागला. सत्तरावी डिव्हिजन पुन्हा उभी राहिली नाही.

त्याच देशात त्याच हिवाळ्यात पांढऱ्या पावाची आणखी एक हकिकत घडली. नेदरलँड्सचा पश्चिम भाग अजून जर्मनांकडेच होता. सप्टेंबरमध्ये डच रेल्वेकामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी धान्याची वाहतूक अडवली, आणि ती बंदी सैल होते न होते तोच कालवे गोठले. ॲमस्टरडॅम, द हेग, रॉटरडॅम येथे लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. सुमारे वीस हजार माणसे त्या उपासमारीत गेली. जानेवारी १९४५ च्या अखेरीस स्वीडनहून रेडक्रॉसचे पीठ घेऊन जहाजे डेल्फझाइल बंदरात आली. डच भटारखान्यांनी त्याचा पाव भाजला आणि फेब्रुवारी संपता संपता तो लोकांच्या हातात पडला. पांढरा, मऊ पाव व थोडे मार्गारीन. ज्यांनी तो खाल्ला ते म्हातारपणीही त्याची चव विसरले नाहीत.

स्वीडनचा हेतू तरी निर्मळ होता काय? हेच राष्ट्र युद्धाची बहुतेक वर्षे जर्मनीला लोखंडाचे कच्चे खनिज विकत आले होते. बाजू हरते आहे हे दिसल्यावर चार चांगली कामे गाठीला असावीत असे कोणाला वाटले नसेल असे नाही. म्हणूनच आम्ही हेतूच्या शोधात फार खोल जात नाही. आम्हांला दिसते ते इतकेच की तो पाव शिधापत्रिकेवर वाटला गेला. आजीला मिळाला, तान्ह्याच्या आईला मिळाला, खाटेवरून न उठणाऱ्यालाही मिळाला. तू कोणत्या कामाचा, असे दुकानाच्या दारात कोणी विचारले नाही.

द हेगच्या ज्युलियाना बालरुग्णालयात त्या वेळी डॉ. विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. जेवणानंतर जुलाब होऊन झडत जाणारी काही मुले त्यांच्याकडे असत. अशा मुलांना गहू सोसत नसावा, असा संशय त्यांना युद्धापूर्वीपासून होता. पुढे मोजक्याच मुलांवर, दीर्घ काळ लक्ष ठेवून, त्यांनी गहू कधी दिला, कधी थांबवला आणि मुलाचे काय झाले याची नोंद केली, व १९५० साली उट्रेख्टला सादर केलेल्या प्रबंधात ते सिद्ध केले. ज्या पांढऱ्या पावाला भुकेल्या देशाने दोन्ही हातांनी छातीशी धरले, तो या मुलांना चालत नव्हता. त्यांना भात किंवा बटाटा द्यावा लागे. हे कळायला एकेका मुलाच्या खाटेशी बसून त्याने आज काय खाल्ले हे पाहावे लागले होते.